जिवंतपणीचा विसावा

आमचं घर कधी गप्प नसे. पहाटे शेजारच्या तालमीत पैलवान शड्डू ठोकायला लागले की जो आवाज सुरू व्हायचा, तो शेवटचा माणूस ‘येतो पाळकसाहेब’ म्हणून उठेपर्यंत चालायचा. माझे वडील मंगळवार पेठेतल्या एका लहानशा मंडळीचे पाळक, आणि चर्चच्या मागच्या तीन कौलारू खोल्या हे आमचं घर. पुढच्या खोलीत भिंतीला लागून एक लांब बाक होता आणि त्या बाकावर कायम कोणीतरी बसलेलं असे. शिरोलीच्या फौंड्रीतली पाळी संपवून थेट आलेली, भुवयांत काळी वाळू अडकलेली पोरं. कबनूरहून घरचं भांडण घेऊन आलेले यंत्रमागावरचे नवरा-बायको. मुलीचं जमत नाही म्हणून डोळ्याला पदर लावणारी एखादी मावशी. आतून आई कपबशा पाठवायची आणि मी त्या नेऊन द्यायची. आमच्या घरातलं चहाचं पातेलं पूर्ण थंड झालेलं मला आठवत नाही. रविवारी मटण शिजायचं, पण आपल्या ताटात किती येईल हे बाकावर किती माणसं आहेत त्यावरून कळायचं. दोन माणसं वाढली की आई पांढऱ्या रश्श्यात अजून थोडं नारळाचं दूध सोडायची, चार वाढली की पाणी.

पप्पांचं जेवण एका बैठकीत कधी झालं नाही. भाकरीचा दुसरा तुकडा मोडेपर्यंत बाहेरून हाक यायची, ते हात धुऊन उठायचे, आणि आई ताटावर ताट झाकून ठेवायची. ती कुरकुरली की ते म्हणायचे, “अगं, पाळकाचंच दार बंद असलं तर माणसानं जायचं कुठं?” आई पुढचा चहा टाकायची. ती शाळेत शिक्षिका होती, घरी आली की पाळकीणबाई, आणि या दोन्हींच्या मध्ये तिला पदर कमरेतून सोडायलाही सवड नसे. दर वर्षी एकदा पप्पा त्या गोष्टीवर उपदेश करायचे, की प्रभूसुद्धा लोकांची गर्दी मागं सोडून डोंगरावर एकटा प्रार्थनेला जायचा. फार सुंदर करायचे. मी आईशेजारी बसलेली असायची. त्या उपदेशाच्या वेळी आई वर बघायची नाही, हाताच्या बोटांकडं बघत राहायची. तेव्हा मला वाटायचं, ती प्रार्थनेत आहे.

दानी नावाचा एक तरुण त्या वर्षी आमच्याकडं फार यायचा. फौंड्रीत कामाला, अबोल, मान खाली. संध्याकाळी यायचा, बाकाच्या टोकाला बसायचा, चहा प्यायचा, इतरांची गाऱ्हाणी ऐकायचा. पप्पांनी विचारलं, “दानी, काय काम होतं का रे?” की म्हणायचा, “काय न्हाय सायेब. असंच.” आणि थोड्या वेळानं कप स्वतः विसळून उपडा घालून जायचा. नाताळ जवळ आला होता तेव्हा एका दुपारी निरोप आला की दानीनं जीव दिला. का, ते कुणालाच कळलं नाही. दफनविधी पप्पांनीच केला. मीही गेले होते. माती लोटून झाल्यावर दानीची आई पप्पांसमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, “सायेब, रोज तुमच्याकडंच यायचा की त्यो. तुमास्नी बी काय बोलला न्हाय व्हय?”

पप्पांनी नुसती मान हलवली.  घरी बाक भरलेला होता, नाताळच्या तयारीचे लोक वाट बघत होते, आणि ते आत न येता तसेच बाकासमोरच्या खुर्चीत बसले.

त्यानंतरचे दिवस मला वासासकट आठवतात. तळणीचा वास, करंज्यांच्या सारणातली वेलची, अंगणात नाताळचा तारा लावायला आणलेल्या हिरव्या बांबूचा वास. घरोघर गाणी म्हणत फिरणाऱ्या तरुण मंडळींची पेटी आमच्याच घरात ठेवलेली, त्यामुळं येता-जाता कुणीतरी तिच्यावरून बोटं फिरवायचं. या सगळ्यात पप्पा हसत होते, हो-नाही म्हणत होते, पण मधेच एखाद्या वाक्यात थांबायचे आणि पुढचा शब्द विसरल्यासारखे समोरच्याकडं बघत राहायचे. आई स्वयंपाकघराच्या दारातून ते बघायची. तिनं कढईतल्या करंज्या जळू दिल्या असं मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

नाताळच्या सकाळी चर्च भरून लोक व्हरांड्यात उभे होते. गाणी झाली, शास्त्रपाठ झाला. पप्पा व्यासपीठावर गेले, दोन्ही हात लाकडावर ठेवले, लोकांकडं पाहिलं, आणि बोललेच नाहीत. पहिल्यांदा लोकांना वाटलं, भावना दाटून आली असेल. मग कुणीतरी खोकलं. एका लेकरानं फुगा फोडला, त्याला आईनं चापट मारली, ते रडलं, गप्प झालं, आणि पप्पा तसेच उभे. त्यांचा ओठ हलत होता, आवाज नव्हता. माझ्या शेजारी आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. शेवटी मंडळीचे पंच यशवंतराव उठले आणि त्यांनी मोठ्या आवाजात एक गाणं सुरू केलं. लोकांनी सुटका झाल्यासारखं ते उचललं. गाणं संपेपर्यंत पप्पा बाजूच्या दारानं निघून गेले होते. सतरंज्या ठेवायच्या खोलीत ते जमिनीवर बसलेले सापडले. अंगावर झगा तसाच होता. आम्हाला म्हणाले, “मला जरा एकटं सोडता का?”

आज हे वाक्य कुणी उच्चारलं तर आपण समजून घेऊ. आता माझ्या घरात टीव्ही नाही आणि दुपारी दोन तास मी फोन बंद ठेवते, तर मैत्रिणी हसून म्हणतात, ‘सुवार्ताबाईंचा एकांत चाललाय.’ पण तेव्हा आमच्या घरात ‘मला एकटं सोडा’ हे एका पाळकाच्या तोंडचं वाक्य म्हणजे काहीतरी भयंकर घडल्याची खूण होती. दानीला मातीत ठेवून आठवडाही उलटला नव्हता. आईच्या मनात काय आलं ते तिनं कधी उच्चारलं नाही, पण त्या दिवसापासून ती रात्री दिवा मालवेना आणि पप्पा परसात गेले तरी मला हळूच मागं पाठवू लागली.

डॉक्टरांनी सांगितलं, विश्रांती हवी. पंच लोक पुढच्या खोलीत बसले आणि मी आत भिंतीला कान लावून उभी राहिले. यशवंतराव माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा आवाज बारशाला आणि दफनाला सारखाच असायचा. ते म्हणाले, “सायेबांची तब्येत आमाला कळती की. पर देवाच्या सेवकाला कसली रजा ओ? उद्या लोक म्हणत्याल, पाळकाचाच विश्वास डळमळला.” बराच वेळ बोलणं झालं. शेवटी आईच बाहेर गेली. पंचांच्या बैठकीत ती कधी गेली नव्हती. “पन्हाळ्यावर मिशनचा जुना बंगला रिकामाच आहे ना?” ती म्हणाली. “चावी द्या. बाकी काही मागत नाही.”

तिला शाळा होती, ती येऊ शकत नव्हती. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष, बुडवलं तरी चालणार होतं. पप्पांची पिशवी तिनं स्वतः भरली. स्वेटर, मफलर, ज्येष्ठमधाच्या कांड्या. दाढीचं सामान मी घातलेलं होतं, ते तिनं बाहेर काढलं आणि काही न बोलता कपाटात वर ठेवलं. मी बघितलं, आणि मी बघितलं हे तिनंही बघितलं. “सुवी,” ती म्हणाली, “नजरेआड होऊ द्यायचं नाही. कळलं? काही झालं तरी नाही.” शेजारच्या जैतूनचाचीनं डब्यात खिम्याच्या पोळ्या दिल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “बाप को संभाल बेटी.” एसटी वाघबीळ सोडून घाट चढायला लागली तेव्हा पप्पा खिडकीला डोकं टेकून झोपले होते, आणि मी त्यांच्या छातीकडं बघत होते, श्वास चालू आहे ना म्हणून.

बंगला म्हणजे दगडी भिंती, उडालेला रंग, व्हरांडा आणि मागं विहीर. विहिरीला मी पहिल्याच दिवशी जाऊन कठडा आहे की नाही ते पाहिलं. खालच्या वाडीतली तानूबाई सकाळी दूध घालायची आणि रात्री व्हरांड्यात झोपायला यायची. पहिले काही दिवस पप्पा नुसते झोपले. चहा प्यायचे, झोपायचे, दोन घास खायचे, झोपायचे. इतकं झोपणारा माणूस मी आमच्या घरात पाहिलाच नव्हता, त्यामुळं मला तेही भीतीदायक वाटायचं. मी भाकरी करता करता मधेच उठून दारातून डोकावायची. त्या बंगल्यातली शांतता मला सहन होत नव्हती. वारा कौलांखालून शिरायचा, वाळलेलं गवत खसखसायचं, लांब कुठंतरी गुरांच्या गळ्यातली घंटा, आणि बाकी काही नाही. पेठेतल्या गोंगाटात भीतीलाही बसायला जागा नसायची, इथं ती ऐसपैस पसरायची. प्रार्थना करायला बसले की ‘हे प्रभू’ म्हटल्यावर पुढं एकच वाक्य यायचं, ‘त्यांना काही होऊ देऊ नको’. तेच, तेच आणि तेच.

मग एका सकाळी पप्पा चहा पिऊन उठले आणि मफलर गुंडाळून बाहेर पडले. मी चुलीवरचं तसंच टाकून मागं. ते कड्याच्या बाजूनं गेले, एका जांभळीखाली बसले. मी लांब झुडपाआड थांबले. ते काही करत नव्हते. गुडघे टेकले नाहीत, पवित्र शास्त्र उघडलं नाही. खाली दरीत धुकं भरलेलं, आणि ते त्याच्याकडं बघत बसलेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. तानूबाईनं दुधाचं माप उतरवताना मला विचारलं, “तुझा बा रोज कड्याकडं जातुय न्हवं?”

“हो. बसतात थोडा वेळ.”

“येकल्याला सोडू नगंस बाय. डोस्कं जड झाल्यालं मानूस, ती दरी वडून घेती त्येला.”

त्या दिवशी मी झुडपाआड आणखी जवळ जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं पप्पा मागं न बघताच म्हणाले, “सुवी, बाहेर ये. तुझी बांगडी वाजते.”

मी बाहेर आले. त्यांनी शेजारचा दगड दाखवला. मी बसले नाही.

“रोज मागं येतेस?”

“हो.”

“आईनं सांगितलंय?”

मी पायाकडं बघत राहिले.

“दाढीचं सामान पिशवीत नव्हतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, घाईत राहिलं.”  त्यांचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. “मी मरेन असं वाटतं तुम्हाला?”

माझं रडू बाहेर पडलं. कितीतरी दिवसांचं साचलेलं. त्यांनी मला रडू दिलं, आणि मग दरीकडंच बघत बोलायला लागले. “दानी यायचा ना, तो बाकावर बसून वाट बघायचा, की कधी एकदा हे सगळे उठतील. कोणी उठायचंच नाही. आणि सुवी, मला ते आवडायचं गं. माझं घर कसं भरलेलं आहे, माझ्याकडं किती लोक येतात. इतक्या लोकांत एकाला बोलायला एक कोपरा नव्हता, आणि मला ऐकायला कान नव्हता. त्याची आई बोलली तेव्हापासून माझा आवाजच बसलाय आतून.” त्यांनी मफलरनं डोळे पुसले. “मला मरायचं नाही. मला हे नीट सांगायचंय एकदा. ज्याला सांगायचंय, त्याच्याशी बोलताना झुडपाआड माझी मुलगी उभी असली, तर माझ्या तोंडून ते निघत नाही. तू बघतेयस म्हटल्यावर मी पुन्हा पाळकच होतो. कळतंय का?”

मला कळत होतं आणि नव्हतंही. मी म्हटलं, “मग शपथ घ्या.”

“आपल्यात शपथ घेत नाहीत. येतो म्हटलं म्हणजे येतो.” ते उठले. “उद्या मी सकाळी जाईन. भाकरी बरोबर दे. दिवस मावळायच्या आत येईन. तू मागं येऊ नको.”

दुसरा दिवस शनिवार होता. मी त्यांच्या फडक्यात भाकरी आणि लसणीची चटणी बांधून दिली. ते वळणावर दिसेनासे झाले आणि माझे पाय आपोआप दोन पायऱ्या उतरले. मग मी व्हरांड्याचा खांब धरला. तो दिवस मी कसा काढला ते आजही सांगता येत नाही. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. पिठलं केलं, ते कुणी खाणार नाही हे माहीत असून. बाहेर काही पडल्याचा आवाज झाला की उठून उभी राहायची. दुपारी ऊन व्हरांड्यात आलं तेव्हा मी थकून त्यात बसले, आणि तेव्हा थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, मी काही मागितलं नाही. ‘हे प्रभू’ म्हटलं आणि तिथंच थांबले. त्या क्षणाला मी आजही नाव देऊ शकत नाही, आणि तो टिकलाही नाही, कारण फाटकाची कडी वाजली आणि मी पाहिलं तर आई.

शाळा अर्धी होती, ती परस्पर एसटीनं आली होती. एका हातात करंज्यांचा डबा. तिनं चपला काढायच्या आधी आत डोकावून पाहिलं, मग मागच्या खोलीत, मग विहिरीकडं.

“कुठायत?”

“बाहेर गेलेत.”

“आणि तू इथं?”

“एकटे जातो म्हणाले. मावळायच्या आत येतो म्हणाले, आई. खरंच म्हणाले.”

तिनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिचा चेहरा पांढरा झाला, डबा तिनं पायरीवर ठेवला तो घरंगळून करंज्या मातीत सांडल्या, आणि ती पदर खोचून कड्याच्या दिशेनं धावत सुटली. “तू इथंच थांब! आले तर सोडू नको!” असं ओरडून. आईला धावताना मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं वाऱ्यावरून तिची हाक ऐकू यायला लागली. ती पप्पांना नावानं हाक मारत नसे, ‘अहो’ म्हणायची. त्या उघड्या माळावर ‘अहो, अहो’ ही हाक फिरत होती आणि कुठूनच ओ येत नव्हती. हळूहळू ती लांब गेली, मग बंद झाली. आता मला दोघांची भीती.

सूर्य कलला होता तेव्हा पप्पा आले. कड्याकडून नाही, उलट्या बाजूच्या वाटेनं, तळ्याकडून. रुमालात बोरं होती. चेहरा थकलेला पण कुठल्यातरी ओझ्यातून सुटलेला. “बघ, आलो का नाही?” ते म्हणाले, आणि मग त्यांना मातीतल्या करंज्या दिसल्या.

“आई आलीय,” मी म्हटलं. “तुम्हाला शोधायला कड्याकडं गेलीय. कधीची. हाक पण येत नाही आता.”

त्यांच्या हातातला रुमाल सुटला. मग आम्ही दोघं धावलो. पप्पा हाका मारत होते, आईच्या नावानं, आणि तेव्हा मला एकदम लक्षात आलं की त्यांचा आवाज परत आलाय. मोठा, चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. जांभळीच्या पुढं, जिथं गवत संपून दगड लागतो, तिथं आई बसलेली होती. जमिनीवर, पाय पसरून, केस सुटलेले. आम्हाला बघून ती उठली नाही. पप्पा तिच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसले. म्हणाले, “मी आहे गं. आहे मी.”

ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “खाली बघून बघून माझे डोळे गेले.”

“मी तळ्याकडं होतो.”

“तुम्हाला देव डोंगरावर बोलावतो.” ती रागावलेली नव्हती, निदान सुरुवातीला नव्हती. “मला कुठं बोलावणार तो? चुलीपाशी? तिथंपण कुणीतरी येऊन उभं राहतंच, वहिनी साखर थोडी जास्त म्हणून. तुम्ही दमलात, तर अख्खी मंडळी बैठका घेते. मी दमले का, हे कुणी विचारलंय कधी? तुम्ही विचारलंय?” आता तिचा आवाज चढला. “लग्न होऊन आल्यापासून मी एकटी अशी कुठं बसले असेन, तर ती आज. आणि आज तरी कशासाठी बसले? तुमचं प्रेत दिसतंय का ते बघायला!”

पप्पांनी मान खाली घातली. मी बाजूला उभी होते आणि मला तिथं असायला नको होतं. वारा सुटला होता, त्यांनी आपला मफलर काढून तिच्या खांद्यावर टाकला.  मग ते म्हणाले, “तू राहा इथं.”

“काय?”

“तू राहा. आठवडाभर. मी आणि सुवी खाली जातो.”

“वेड लागलंय का? उद्या रविवार आहे.”

“रविवार माझा आहे. तू राहा.”

“शाळा?”

“मुख्याध्यापिकाबाईंना मी सांगतो. तुझी रजा कधी घेतलीस तू?”

“आणि घरी येणारे-जाणारे? चहा?”

“चहा मी करीन,” पप्पा म्हणाले, आणि आई त्यांच्याकडं अशी बघत राहिली की जणू आता खरंच त्यांचं डोकं फिरलं होतं.

ती रात्रभर नाही म्हणत होती, सकाळी पहिल्या एसटीला आम्हाला पोचवायला आली तेव्हाही नाहीच म्हणत होती, पण गाडीत चढली नाही. तानूबाई तिच्याशेजारी उभी होती. गाडी सुटली. पप्पा आज व्यासपीठावर उभे राहतील का? पुन्हा तसेच गप्प झाले तर आज मनगट धरायला आई नाही.

चर्च नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं. बातमी फुटलेली असणार. पप्पा उभे राहिले, दोन्ही हात लाकडावर ठेवले. मी श्वास धरला. सगळ्यांनीच धरला असावा. एका बाईनं मोठ्यानं विचारलं, “पाळकीणबाई दिसत न्हाईत?”

पप्पा म्हणाले, “त्या विसाव्याला गेल्यात.”

आणि चर्चमध्ये एकच हाय उठली. एका म्हातारीनं तर पदर तोंडाला लावून सूरच धरला. पप्पांना क्षणभर कळेना. मग कळलं. आमच्यात माणूस गेलं की म्हणतात, प्रभूमध्ये विसावलं. थडग्यांवर तेच कोरलेलं असतं. “अहो, जिवंत आहेत!” ते घाईनं ओरडले. “पन्हाळ्यावर आहेत! ठणठणीत!” पहिल्यांदा यशवंतराव हसले, मोठ्यानं, आणि मग सगळं चर्च हसायला लागलं, ती म्हातारीसुद्धा. हसू ओसरल्यावर पप्पा म्हणाले, “बघा, विसावा हा शब्द आपण फक्त मेलेल्यांसाठी राखून ठेवलाय. जिवंत माणसाला तो द्यायचं आपल्याला सुचलं नाही. मलाही नाही.” मग त्यांनी दानीचं नाव घेतलं. दानीची आई मागच्या बाकावर होती. बाकावरची गर्दी, उपडा घातलेला कप, सगळं त्यांनी मंडळीसमोर सांगितलं. उपदेश असा नव्हताच तो. मधे मधे थांबत होते, पण आता थांबले की लोक वाट बघत होते.

त्या आठवड्यात पप्पांनी चहा केला. भयंकर असायचा. कधी दूध उतू, कधी साखरच नाही. जैतूनचाची दाराशी येऊन बघायची आणि हसत म्हणायची, “क्या साहब, आज आप?” त्यांनी बाकावरच्या लोकांना एकेक करून चर्चमधल्या मागच्या खोलीत नेऊन, दार लोटून, बोलायला सुरुवात केली. सोमवारी कुणाला भेटणार नाही असंही जाहीर केलं. ते सगळ्यांना रुचलं असं नाही. “दवाखाना हाय का ह्यो, वार लावून भेटाया?” असं म्हणून काही कुटुंबं दुसऱ्या मंडळीत गेली, ती परत आली नाहीत. पप्पांना त्याचं वाईट वाटायचं. पुढं बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या आजारपणातही, ती नावं त्यांना आठवायची. त्यांची भीतीही पूर्ण गेली नाही. दर रविवारी व्यासपीठाची पायरी चढण्याआधी ते क्षणभर थांबायचे, ते मला दिसायचं.

पुढच्या शनिवारी मी आईला आणायला पन्हाळ्यावर गेले. बंगल्याला बाहेरून कडी. तानूबाई अंगणात शेण्या थापत होती. “बाई सकाळधरनं भाईर हाय,” ती म्हणाली. “जेवाया बी आली न्हाय. मी जाऊ का हुडकाया?”

 कड्याकडं जाणारी वाट तिथूनच दिसत होती. मी त्या वाटेकडं बघितलं आणि मग पायरीवर बसले. “नको,” मी म्हटलं. “येईल ती.”

ऊन व्हरांड्यातून उतरून अंगणात गेलं. मग वाटेवर आई दिसली. हळू चालत येत होती, हात मोकळे, हातात काहीही नाही. तिला तसं चालताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मला बघून तिनं वेग वाढवला नाही. जवळ आली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि शेजारी पायरीवर बसली.

“काय केलंस गं आठवडाभर?” मी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि तिला ते सांगताना बरं वाटल्यासारखं तिनं पुन्हा एकदा म्हटलं, “काहीसुद्धा नाही.”

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी उठायला लागले.

“शेवटची गाडी हीच का?”

“नाही. अजून एक आहे.”

“मग बस की,” आई म्हणाली, आणि भिंतीला पाठ टेकून तिनं डोळे मिटले.